विश्वास तर पानिपतात गेला!

“पोरांनो, तुमच्या मशिनीनं ‘हो’ म्हटलं खरं, पण कुणाला विचारून म्हटलं?”

मेसच्या काकांनी हा प्रश्न विचारला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. दोन रिव्ह्यू झाले होते, सेमिनार झाला होता, एक्स्टर्नलने पाठ थोपटली होती. ब्लॅक बुक बाइंडिंग होऊन त्यावर सोनेरी अक्षरंसुद्धा चढली होती. पण हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. काकांचं शिक्षण सातवीपर्यंत. एवढं सगळं शिकून आम्ही जे विसरलो, ते त्यांनी भाजीचा डाव हातात धरून विचारलं.

म्हणून मित्रांनो, हा लेख. विषय रुक्ष वाटेल: एका संगणक-यंत्रणेला दुसरीशी वेब सर्व्हिसने कसं जोडायचं. पण आपल्यातले कितीतरी जण कॅम्पसमधून बाहेर पडून हिंजवडी-खराडीला पहिली दोन वर्षं हेच काम करणार आहेत. तेव्हा रुक्ष वाटला तरी वाचा.

आधी आमची करामत सांगतो. प्रोजेक्ट होतं मेसचं. ओळखपत्र मशीनवर टेकवायचं, खात्यात पैसे असतील तर हिरवा दिवा, ताट घ्या. पैसे नसतील तर लाल दिवा, आधी पैसे भरा. आता पैशांचा हिशेब एका सर्व्हरवर, मुलांची यादी दुसऱ्यावर आणि मेसचं मशीन तिसरीकडेच. तिघांनी एकमेकांशी थेट बोलायचं म्हटलं की गोंधळ होतो. म्हणून मध्ये एक मध्यस्थ बसवतात. त्याला म्हणतात इंटिग्रेशन गेटवे. आपल्या हॉस्टेलच्या गेटवरचे वॉचमन मामा आठवा. रात्री साडेदहानंतर कुणी बाहेर निघालं की मामा रेक्टरना फोन लावतात, “सोडू का?” विचारतात, रजिस्टरमध्ये नोंद करतात आणि मग गेट उघडतात. मामा स्वतः काहीच ठरवत नाहीत. योग्य माणसाला विचारायचं आणि उत्तर खाली पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. गेटवेचंही तेच.

या गेटवेत प्रत्येक जोडणीची माहिती भरावी लागते. समोरच्या सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, निरोप कोणत्या साच्यात जाणार आणि येणार, उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, आणि सर्टिफिकेट. सर्टिफिकेट म्हणजे समोरच्या सर्व्हरचं ओळखपत्र. त्यावर नाव असतं, मुदत असते आणि आपण ज्याला मानतो अशा कुणाची तरी सही असते. ही सही, मुदत आणि नाव जुळलं तरच बोलणं सुरू करायचं, असा नियम.

आमचं घोडं नेमकं इथेच अडलं. सर्टिफिकेट आम्ही स्वतःच बनवलेलं, त्यावरचं नाव एक आणि सर्व्हरचं नाव दुसरंच. गेटवे दर वेळी लाल अक्षरांत एरर फेकायचा. सबमिशनला राहिले दोन दिवस. शेवटी आमच्यातल्या एकाने इंटरनेटवरून पाच-सहा ओळींचा कोड उचलून आणला. त्याचा अर्थ एवढाच, की समोरून कुठलंही ओळखपत्र आलं तरी ते खरं माना. एरर गायब! ‘पिंग सक्सेसफुल’ अशी हिरवी अक्षरं झळकली. आम्ही त्या कोडच्या वर ‘नंतर नीट करणे’ अशी ओळ लिहिली आणि चहा प्यायला टपरीवर गेलो. ‘नंतर’ हा दिवस इंजिनिअरिंगच्या कॅलेंडरात कधीच येत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ओरल झाली, मार्क मिळाले, आणि रेक्टर सरांच्या परवानगीने एका मेसमध्ये ट्रायल सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावर एक अतिहुशार ज्युनिअर राहतो. हॉस्टेलच्या राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच आहे, हे त्याला माहीत होतं. त्याने काय केलं, तर हिशेबाच्या सर्व्हरच्या नावाची चौकशी झाली की उत्तर म्हणून आपल्या लॅपटॉपचा पत्ता मिळेल, अशी सोय करून ठेवली. लॅपटॉपवर छोटासा प्रोग्रॅम. त्याच्या मजल्यावरच्या अकरा जणांचा नंबर आला की प्रोग्रॅम स्वतःच सांगणार, ‘पैसे आहेत, कापले, ताट द्या.’ बाकीच्यांची चौकशी मात्र इमानदारीत खऱ्या सर्व्हरकडे पाठवून त्याचं उत्तर परत आणणार. त्यामुळे कुणाला संशय यायचं कारणच नाही. अकरा जण नऊ दिवस फुकट जेवले. त्यात एका रविवारी गुलाबजाम होते!

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगतो. आम्ही पासवर्ड चांगला सोळा अक्षरी ठेवला होता. पण त्या पासवर्डने आमचा गेटवे सर्व्हरला स्वतःची ओळख पटवत होता. सर्व्हरने आम्हाला ओळख पटवण्याचा मार्ग सर्टिफिकेट हाच, आणि तो आम्हीच बंद केलेला. म्हणजे ज्युनिअरला पासवर्ड चोरावासुद्धा लागला नाही. आमचा गेटवेच तो रोज दोन्ही वेळेला त्याच्या दारात नेऊन देत होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे असं.

पकडलं कुणी? आमच्या सॉफ्टवेअरने नाही, काकांच्या वहीने. काका मशीनवर विश्वास न ठेवता रोज ताटं मोजून शंभर पानी वहीत उभ्या रेघा मारत होते. आठवड्याचा हिशेब आला तेव्हा वहीतली ताटं जास्त आणि जमा झालेले पैसे कमी. मग आम्ही लॉग उघडले. सगळीकडे ‘सक्सेस’. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की ठरावीक अकरा जणांची उत्तरं डोळ्याचं पातं लवायच्या आत येताहेत. आमचा खरा सर्व्हर इतका तत्पर कधीच नव्हता! ज्युनिअर स्वतःहून पुढे आला, अकरा जणांनी पैसे भरले, प्रकरण मिटलं. पण पैसे परत मिळेपर्यंत दोन आठवडे काकांनी किराणा दुकानदाराची बोलणी खाल्ली. आमच्या ‘नंतर नीट करणे’ची किंमत त्यांनी मोजली.

आता तुम्ही म्हणाल, हॉस्टेलची पोरंटोरं, मेसचं प्रोजेक्ट, यात एवढं काय? तर ऐका. हाच खेळ याच पुणे शहरात खऱ्या बँकेत झालेला आहे.

कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची, मुख्यालय पुण्यात. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा चौकशी कार्डाच्या नेटवर्कवरून बँकेच्या एटीएम स्विचकडे येते. हा स्विच म्हणजे एक गेटवेच. तो बँकेच्या मूळ हिशेबाच्या यंत्रणेला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो, ‘या खात्यात पैसे आहेत का?’ आणि आलेलं उत्तर परत पाठवतो. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. हल्लेखोरांनी मालवेअरच्या मदतीने बँकेच्या खऱ्या स्विचला समांतर असा एक खोटा, प्रॉक्सी स्विच उभा केला. बनावट कार्डांची चौकशी आली की तो कोअर बँकिंगपर्यंत जाऊच देत नव्हता. स्वतःच ‘मंजूर’ म्हणत होता. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये गेले. भारतात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहारांत सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

कोअर बँकिंग सुरक्षित होतं, ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, असं बँकेने तेव्हा सांगितलं. याचा तांत्रिक अर्थ नीट समजून घ्या. तिजोरी फोडली गेलीच नाही. तिजोरीच्या राखणदाराला कुणी विचारलंच नाही! मधल्या निरोप्याची जागा दुसऱ्याने घेतली आणि बाहेरच्या जगाने त्या निरोप्याचा शब्द प्रमाण मानला. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा जणांची आणि या आकड्याची बरोबरी मी करत नाही. पण युक्तीच्या मुळाशी असलेली कल्पना एकच.

याच वर्षीचं दुसरं उदाहरण उलट्या टोकाचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघड झाला. सुरुवातीला सांगितलेला आकडाच ११ हजार कोटींच्या वर होता. तिथे परदेशी बँकांना हमीचे निरोप स्विफ्टवरून जात होते, पण स्विफ्ट आणि कोअर बँकिंग यांची जोडणीच नव्हती. स्विफ्टवर काय गेलं हे मूळ हिशेबाला कळायला कुणीतरी हाताने नोंद करायला हवी होती, आणि ती केली गेली नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३० एप्रिल २०१८ पर्यंत ही जोडणी करायला सांगितलं. म्हणजे एकीकडे जोडणी नसल्यामुळे हिशेबाला पत्ता लागला नाही, आणि दुसरीकडे जोडणीच्या मध्ये तोतया बसल्यामुळे. तेव्हा ‘दोन सिस्टिम जोडल्या’ एवढ्याने भागत नाही. त्यांच्यामध्ये कोण उभं आहे, हे दर वेळी पाहावं लागतं.

मग नीट जोडणी म्हणजे काय? मला विचाराल तर गेटवे हा सदाशिव पेठेतल्या जुन्या घरासारखा असावा. बेल वाजली की साखळी न काढता दार चार बोटं उघडायचं आणि विचारायचं, “कोण? कुणाकडून आलात? काय काम?” पुणेकरांना यावरून जग हसतं, पण गेटवेच्या बाबतीत हाच उत्तम शिष्टाचार. आणि तो दोन्ही बाजूंनी हवा. आपण समोरच्याचं सर्टिफिकेट तपासायचं आणि समोरच्याने आपलं. दोघांची ओळख पटल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. सर्टिफिकेटची एरर आली तर तपासणी बंद करायची नाही. सर्टिफिकेट दुरुस्त करायचं. त्याला एक दिवस लागतो. आम्ही तो वाचवला होता.

दुसरं, हिरव्या ‘पिंग’वर भाळू नये. पिंगचा अर्थ त्या दारामागे कुणीतरी आहे, इतकाच. ते कोण आहे, हे पिंग सांगत नाही.

तिसरं, उत्तर न येणं म्हणजे ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. यूपीआयने चहाचे पैसे देताना कधी तरी ‘पेंडिंग’ दिसतं, खात्यातून पैसे गेलेले दिसतात आणि टपरीवाला म्हणतो आले नाहीत. तेव्हा घाईने पुन्हा पैसे पाठवले तर दोनदा जातात. गेटवेचंही तसंच. प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक द्यायचा. वेळ संपली तर तोच क्रमांक सांगून चौकशी करायची, की याचं काय झालं? डोळे झाकून पुन्हा पाठवायचं नाही.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ताळा. आलेल्या उत्तरांची वेगळ्या वाटेने पडताळणी. काकांची वही म्हणजे तोच. चहाच्या टपरीवरचा बोलका स्पीकर पाहा. पूर्वी टपरीवाला आपल्या मोबाइलचा स्क्रीन बघून मान डोलवायचा. मग पैसे न देताच पावतीचा स्क्रीन दाखवणारी बनावट अ‍ॅप्स निघाली. आता तो आपल्या मोबाइलकडे बघतही नाही. त्याच्या स्वतःच्या कंपनीकडून त्याच्या स्पीकरवर आवाज आला तरच पैसे आले. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच्याकडून पावती घ्यायची नाही, हे टपरीवाल्याला कळलं. आम्ही बी.ई.ला होतो.

आता माझं खरं म्हणणं. थोडं स्पष्ट बोलतो, सर-मॅडमनी राग मानू नये. चूक आमची होती, ती मी झटकत नाही. पण आपल्याकडे प्रोजेक्टची परीक्षा होते ती ‘चालतंय का?’ या एकाच प्रश्नावर. डेमोच्या पाच मिनिटांत हिरवा दिवा लागला की मार्क. म्हणून आपण सगळे हिरवा दिवा लावायला शिकतो, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून लागला हे विचारायचं राहून जातं. नेटवर्क सिक्युरिटीच्या पेपरात सर्टिफिकेटवर आठ मार्कांचं उत्तर मीसुद्धा आकृतीसकट लिहिलं होतं. त्याच महिन्यात प्रोजेक्टमध्ये ती तपासणी बंद केली. पेपर आणि प्रोजेक्ट एकमेकांना ओळखतच नाहीत. त्यांचंच इंटिग्रेशन आधी करायला हवं!

यावर माझा रूममेट म्हणतो, “अरे, प्रोजेक्ट शिकण्यासाठी असतं. कंपनीत गेल्यावर सीनियर सांगतीलच ना.” सांगतील. पण डेडलाइन तिथेही असते, इंटरनेटवरच्या त्या पाच-सहा ओळी तिथेही मिळतात, आणि आता तर एआयला विचारलं की तो एका दमात लिहून देतो. एरर घालवून दे म्हटलं तर तो घालवून देईल. एरर कशासाठी आली होती, हे आपणच विचारायला हवं. आणि सवय ही अशी वस्तू आहे, की ती जॉइनिंग लेटरबरोबर बदलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो काकांनीच घेतला. ते म्हणाले, “एवढी तपासणी लावाल आणि तुमचं यंत्र बंद पडलं, तर माझ्या दारातून पोरगं उपाशी परत जायचं का?” बरोबर आहे. संशय घेण्यालाही किंमत असते. सर्टिफिकेटची मुदत संपली, नूतनीकरण करायचं कुणी विसरलं, की सगळं ठप्प होतं. आणि लाल दिव्यासमोर उभा राहणारा मुलगा त्या दिवशी खरंच भुकेला असतो. ज्या मुलांची स्कॉलरशिप महाडीबीटीतून आधारशी जोडलेल्या खात्यात येते, त्यांना मधला एक दुवा अडला तर काय होतं हे मी सांगायची गरज नाही. म्हणून मी असं म्हणत नाही, की शंका आली की दार बंद. यंत्राला खात्री नसेल तर त्याने खोटं ‘हो’ म्हणू नये आणि माणसाला हाकलूनही देऊ नये. ‘मला माहीत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगावं आणि निर्णय माणसाकडे द्यावा. आता आमच्या मशीनला तिसरा, पिवळा दिवा आहे. तो लागला की काका वहीत नाव लिहितात, मुलाची सही घेतात आणि ताट वाढतात. रात्री सर्व्हर शुद्धीवर आला की हिशेब जुळवायचा. पिवळा दिवा लावायला आम्हाला तीन दिवस लागले. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधलं अभिमानाने दाखवावं असं काम तेवढं एकच.

तेव्हा डिपार्टमेंटला माझी एक विनंती आहे. यंदाच्या रिव्ह्यूपासून ज्या प्रोजेक्टमध्ये दोन यंत्रणा एकमेकींशी बोलतात, त्या ग्रुपला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. समोरचा सर्व्हर बंद करा, काय होतं ते दाखवा. त्याच्या जागी खोटा सर्व्हर बसवा, तुमचा गेटवे त्याला ओळखतो का दाखवा. आणि दिवसाचा हिशेब दुसऱ्या वाटेने जुळवून दाखवा. यासाठी नवी लॅब नको, बजेट नको, युनिव्हर्सिटीचा सिलॅबस बदलायला नको. खोटा सर्व्हर हवा असेल तर तिसऱ्या मजल्यावरचा आमचा ज्युनिअर सेवेला हजर आहे. त्याला या कामाचे मार्क द्या, म्हणजे त्याची हुशारी गुलाबजामांवर खर्च व्हायची नाही.

आणि मित्रांनो, तुम्हाला सांगणं एवढंच. आपल्याकडे कुणी “विश्वास ठेव ना” म्हटलं, की समोरून हमखास उत्तर येतं, “विश्वास तर पानिपतात गेला!” कट्ट्यावर मित्रांना हे जरूर ऐकवू नका, मैत्रीत विश्वास ठेवावाच लागतो. पण गेटवेची सेटिंग भरताना हे वाक्य आठवा. हिरवा दिवा लागला की आनंदाने उडी मारण्याआधी एकदा त्याला काकांचा प्रश्न विचारा.

काका अजूनही वहीत रेघा मारतात. आम्ही एकदा म्हटलं, “काका, आता सगळं पक्कं केलंय, वहीची गरज नाही.” ते हसले, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, “असू दे रे. तुमचं यंत्र चांगलंच आहे. पण दोघं जण मोजत असले की दोघंही नीट मोजतात.”